आजीच्या डब्यातला राणीछाप रुपया ते चांदीची वीट : चांदी जमवण्याचा छंद नेमका कसा असतो?

घर बदलताना किंवा वाटणीच्या वेळी माळ्यावरचा एखादा जुना डबा खाली येतो. आत कापडाची पुरचुंडी असते आणि पुरचुंडीत पाच-दहा काळपट नाणी. एकावर राणीचा चेहरा, दुसऱ्यावर मुकुट घातलेला राजा, तिसऱ्यावर वाघ. घरात लगेच दोन तट पडतात. एक जण म्हणतो, "सराफाकडे नेऊ आणि मोडून टाकू." दुसऱ्याने मोबाइलवर व्हिडिओ पाहिलेला असतो. तो म्हणतो, "थांबा, असलं नाणं लाखांना जातं."

बहुतेक वेळा दोघंही चुकतात. वाघाच्या त्या रुपयात चांदीचा कणही नसतो. राणीच्या रुपयात दहा ग्रॅमपेक्षा जास्त चांदी असते, पण म्हणून तो लाखाचा होत नाही. आणि त्याच ढिगात चुकून १९३९ सालचा रुपया असेल, तर तो वजनावर मोडणं ही मोठी चूक ठरते.

चांदीचे भाव चर्चेत आले की हे डबे उघडले जातात. ऑक्टोबर २०२५ मध्ये जागतिक बाजारात चांदीने औंसाला ५० डॉलरचा टप्पा ओलांडला आणि ऐन धनत्रयोदशीच्या तोंडावर देशात चांदीची टंचाई जाणवली. काही म्युच्युअल फंडांनी चांदीशी निगडित योजनांमध्ये नवीन पैसे घेणं तेव्हा तात्पुरतं थांबवलं होतं. अशा वेळी अनेक जण पहिल्यांदाच चांदीची नाणी आणि विटा जमवायला सुरुवात करतात. पण हा छंद नेमका काय आहे, त्यात पैसे कुठे जातात आणि फसवणूक कुठे होते, हे समजून घेऊया.

चांदी जमवणारे लोक कोण असतात?

ढोबळमानाने तीन प्रकारचे लोक चांदी जमवतात.

पहिले धातू जमवणारे. त्यांना नाण्यावर कोणाचं चित्र आहे याच्याशी फारसं देणंघेणं नसतं. शुद्धता किती, वजन किती आणि भावापेक्षा किती जास्त पैसे मोजावे लागले, एवढंच ते बघतात. त्यांच्याकडे बहुतेक विटा, बिस्किटं आणि साधी नाणी सापडतात.

दुसरे नाणी जमवणारे, म्हणजे नाणेसंग्राहक. त्यांच्यासाठी चांदी ही दुय्यम गोष्ट असते. कोणत्या टाकसाळीचं नाणं, कोणतं साल, किती झिजलंय, यावर त्यांची नजर असते.

तिसरे म्हणजे आपण सगळेच. धनत्रयोदशीला लक्ष्मी-गणपतीचं नाणं, बारशाला चांदीचा रुपया, लग्नात आहेर. वीस वर्षांत घरात अशी पंधरा-वीस नाणी सहज जमतात. तो संग्रह आहे, हे मात्र कोणाच्या लक्षात येत नाही.

या तिघांचे हिशेब पूर्ण वेगळे आहेत. गोंधळ होतो तो एकाचा हिशेब दुसऱ्याच्या नाण्याला लावला की.

एका नाण्याच्या तीन किमती

चांदीच्या कोणत्याही नाण्याला तीन किमती असतात.

पहिली धातूची किंमत. नाण्यात शुद्ध चांदी किती ग्रॅम आहे, गुणिले आजचा भाव. ही कोणालाही काढता येते.

दुसरी घडणावळीची किंमत. नाणं पाडायला, पॅक करायला आणि विकायला आलेला खर्च आणि दुकानदाराचा नफा. ही घेताना द्यावी लागते, पण विकताना जवळपास परत मिळत नाही.

तिसरी दुर्मिळतेची किंमत. कोणीतरी हौशी माणूस त्या विशिष्ट नाण्यासाठी धातूच्या वर किती द्यायला तयार आहे, ती रक्कम. ती बहुतेक नाण्यांना शून्य किंवा नगण्य असते. काही थोड्या नाण्यांना मात्र धातूच्या अनेक पट असते.

हातात आलेल्या नाण्याची किंमत यांपैकी कशातून येते, हे ओळखता येणं हाच या छंदाचा गाभा आहे.

रुपया आणि चांदीचं नातं किती जुनं?

'रुपया' हा शब्दच 'रूप्य' म्हणजे चांदीवरून आला. शेरशाह सूरीने सोळाव्या शतकात, १५४० च्या दशकात, सुमारे साडेअकरा ग्रॅमचा चांदीचा रुपया पाडला. पुढे मुघलांनी तोच प्रघात चालू ठेवला.

मराठ्यांच्या काळात पुणे, चांदवड अशा अनेक ठिकाणी टाकसाळी होत्या. तिथे पडणाऱ्या रुपयांवर बहुतेक वेळा मुघल बादशहाचंच नाव असे, कारण लोकांच्या ओळखीचं आणि बाजारात चालणारं नाणं तेच होतं. कोणत्या टाकसाळीचा रुपया हे त्यावरच्या खुणेवरून कळायचं. पुण्याच्या रुपयावर अंकुशाची खूण असे, म्हणून तो 'अंकुशी रुपया'. एका टाकसाळीचा रुपया दुसऱ्या भागात चालवायचा तर सराफ वजन आणि कस पाहून त्यावर 'बट्टा' कापून घेत. आज सराफाकडे नाणं मोडताना जी 'घट' कापली जाते, ती याच बट्ट्याची धाकटी बहीण म्हणायला हरकत नाही.

हा घोळ १८३५ मध्ये संपू लागला. ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या मुलखासाठी एकच रुपया ठरवला. वजन १८० ग्रेन म्हणजे एक तोळा, आजच्या हिशेबाने ११.६६ ग्रॅम. त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी, म्हणजे ९१.७ टक्के. पुढची शंभर वर्षं हे माप बदललं नाही.

संस्थानांची नाणी मात्र चालू राहिली. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. तिथला 'हाली सिक्का' रुपया वजनाने आणि कसाने ब्रिटिश रुपयापेक्षा कमी होता, त्यात सुमारे ८१.८ टक्के चांदी असे. गोव्यात पोर्तुगिजांचा 'रुपिया' चाले. १८८१-८२ चे राजा लुईसचा चेहरा असलेले रुपिये मात्र ब्रिटिश रुपयाच्याच वजनाचे आणि कसाचे होते. म्हणून डबा मराठवाड्यातला, कोकणातला की गोव्यातला, यावरही आत काय सापडेल ते ठरतं.

मग रुपयातली चांदी गेली कुठे?

१८९३ पर्यंत कोणीही टाकसाळीत चांदी नेऊन तिचे रुपये पाडून घेऊ शकत असे. म्हणजे रुपयाची किंमत आणि त्यातल्या चांदीची किंमत साधारण एकच होती. जगात चांदी स्वस्त होत गेली तसा रुपयाही घसरू लागला आणि १८९३ मध्ये सरकारने ही सोय बंद केली. तेव्हापासून रुपयाची छापील किंमत आणि धातूची किंमत वेगळ्या झाल्या.

पहिल्या महायुद्धात उलटंच झालं. चांदी महागली आणि रुपयांची मागणी प्रचंड वाढली. नाणी पुरेनात म्हणून १९१७ मध्ये एक रुपयाची नोट काढावी लागली. १९१८ मध्ये अमेरिकेने खास कायदा करून आपल्या तिजोरीतले चांदीचे डॉलर वितळवले आणि सुमारे २० कोटी औंस चांदी भारतासाठी ब्रिटनला विकली. त्या चांदीचे इथल्या टाकसाळींमध्ये रुपये पडले. तुमच्या घरातल्या त्या काळातल्या रुपयात एखाद्या अमेरिकन डॉलरची चांदी असणं अगदी शक्य आहे.

दुसऱ्या महायुद्धात पुन्हा टंचाई आली. १९४० पासून रुपयातली चांदी ९१.७ वरून थेट ५० टक्क्यांवर आली. १९४७ मध्ये तर चांदी पूर्ण गेली आणि निकेलचा रुपया आला. युद्धकाळात अमेरिकेकडून उसनी घेतलेली चांदी परत करण्यासाठी चलनातून काढलेली जुनी नाणी मोठ्या प्रमाणावर वितळवण्यात आली. आज जी नाणी डब्यांमध्ये सापडतात, ती या सगळ्या भट्ट्यांमधून वाचलेली आहेत.

तुमच्या डब्यातल्या नाण्यात चांदी किती?

हिशेब सोपा व्हावा म्हणून समजा चांदीचा भाव ग्रॅमला १०० रुपये, म्हणजे किलोला एक लाख आहे. आजचा खरा भाव घालून तुम्ही हेच गणित करू शकता.

• १८३५ ते १९३९ चा रुपया : वजन ११.६६ ग्रॅम, शुद्ध चांदी सुमारे १०.६९ ग्रॅम. धातूची किंमत साधारण १,०६९ रुपये.

• १९४० ते १९४५ चा रुपया : वजन तेच, चांदी निम्मी, म्हणजे ५.८३ ग्रॅम. किंमत साधारण ५८३ रुपये.

• १९४७ चा वाघाचा रुपया : निकेल. चांदी शून्य. हे नाणं लोहचुंबकाला चिकटतं, त्यामुळे घरच्या घरी ओळखता येतं.

• अधेली, पावली, चवली : आठ आण्यांची अधेली रुपयाच्या निम्म्या वजनाची, चार आण्यांची पावली पाव आणि दोन आण्यांची चवली अष्टमांश वजनाची. १९१८ पासून चवली तांबं-निकेलची झाली, त्यामुळे त्यानंतरच्या चवलीत चांदी नाही.

पहिल्या दोन ओळींतला फरक नीट पाहा. दोन्ही रुपये सारख्याच आकाराचे, सारख्याच वजनाचे, दोन्हींवर राजाच. पण एकात दुसऱ्याच्या जवळपास दुप्पट चांदी. जत्रेत, जुन्या बाजारात किंवा ऑनलाइन "जुना चांदीचा रुपया" म्हणून एकाच भावात दोन्ही विकले जातात आणि साल न पाहणारा तिथेच फसतो.

वापरात झिजलेल्या नाण्याचं वजन थोडं कमी भरतं, हेही लक्षात ठेवायला हवं.

दुर्मिळता येते कुठून?

नाणं जुनं आहे म्हणून महाग, हा सगळ्यात मोठा गैरसमज. राणी व्हिक्टोरियाचे रुपये कोट्यवधींच्या संख्येने पडले होते. त्यामुळे साधा, झिजलेला राणीछाप रुपया दीडशे वर्षांचा असूनही धातूच्या किमतीच्या आसपासच विकला जातो.

किंमत वाढते ती दोन गोष्टींनी. किती नाणी शिल्लक आहेत आणि कोणत्या अवस्थेत आहेत.

१८६२ सालच्या रुपयाचं उदाहरण घ्या. पुढची अनेक वर्षं नाणी पडत राहिली, पण तारीख मात्र १८६२ हीच राहिली. यांतल्या काही नाण्यांवर कोणत्या वर्षी पडलं हे सांगण्यासाठी बारीक ठिपके दिलेले आहेत. संग्राहक भिंग घेऊन हे ठिपके मोजतात. ठिपके किती आणि कुठे, यावरून एकाच सालच्या दोन रुपयांच्या किमतीत मोठा फरक पडतो.

१९११ चा पंचम जॉर्जचा रुपया वेगळ्याच कारणाने प्रसिद्ध आहे. राजाच्या झग्यावर हत्तीची छोटी आकृती होती, पण तिची सोंड इतकी आखूड आली की लोकांना ते डुक्कर वाटलं. नाराजी पसरली, सरकारने नाणी परत घेऊन बरीचशी वितळवली आणि १९१२ पासून आकृती सुधारली. संग्राहकांमध्ये आजही तो 'डुक्कर रुपया' म्हणूनच ओळखला जातो.

आणि १९३९ चा सहाव्या जॉर्जचा रुपया. ९१.७ टक्के चांदीच्या मालिकेतला हा शेवटचा. यातली बहुतेक नाणी वितळवली गेली आणि फार थोडी उरली. म्हणूनच तो महाग आहे आणि म्हणूनच त्याच्या नकलाही बाजारात भरपूर आहेत. जाणकाराला दाखवल्याशिवाय १९३९ चा रुपया घेऊही नये आणि विकूही नये.

अवस्थेचंही तसंच. माळेत ओवण्यासाठी कडी लावलेला, भोक पाडलेला किंवा डाग दिलेला रुपया संग्राहकाच्या दृष्टीने बाद होतो. त्याची धातूची किंमत मात्र कायम राहते.

स्वतंत्र भारताची चांदीची नाणी कोणती?

१९४७ नंतर रोजच्या व्यवहारातल्या नाण्यांत चांदी परत आली नाही, पण स्मारक नाण्यांमधून ती आली. गांधीजींच्या जन्मशताब्दीनिमित्त १९६९ मध्ये आलेलं दहा रुपयांचं नाणं १५ ग्रॅमचं आणि ८० टक्के चांदीचं होतं, म्हणजे त्यात १२ ग्रॅम चांदी आहे. स्वातंत्र्याच्या पंचविशीनिमित्त १९७२ मध्ये आलेलं दहा रुपयांचं नाणं वजनाने जास्त, साडेबावीस ग्रॅम, पण चांदी ५० टक्केच. म्हणजे चांदी ११.२५ ग्रॅम. मोठं नाणं, कमी चांदी.

रिझर्व्ह बँकेच्या ७५ वर्षांनिमित्त २०१० मध्ये आणि नव्या संसद भवनाच्या उद्‌घाटनानिमित्त २०२३ मध्ये ७५ रुपयांची नाणी निघाली. दोन्ही ३५ ग्रॅमची, त्यात निम्मी चांदी आणि बाकी तांबं, निकेल, जस्त.

ही नाणी दुकानात किंवा बँकेत सुट्ट्या पैशांसारखी मिळत नाहीत. मुंबई, कोलकाता यांसारख्या सरकारी टाकसाळी आगाऊ नोंदणी घेऊन संच विकतात. संचाची किंमत नाण्यावर छापलेल्या आकड्यापेक्षा आणि त्यातल्या चांदीपेक्षाही बरीच जास्त असते. त्यातल्या काही संचांची किंमत नंतर वाढते, काहींची वर्षानुवर्षं आहे तिथेच राहते. म्हणून आवडीचा विषय असेल तर घ्यावा, नफ्याच्या आशेने नको, असं जुने संग्राहक सांगतात.

सराफाकडचं नाणं घ्यावं की वीट?

आता नवी चांदी. पुन्हा ग्रॅमला १०० रुपये भाव धरू.

दहा ग्रॅमचं लक्ष्मीचं नाणं घेतलं तर धातूचे १,००० रुपये. समजा घडणावळ १५० रुपये. त्यावर तीन टक्के जीएसटी म्हणजे साडेचौतीस रुपये. एकूण १,१८४.५० रुपये. दुसऱ्या दिवशी तेच नाणं विकायला नेलं तर हातात येणार जास्तीत जास्त १,००० रुपये आणि त्यातूनही घट कापली जाऊ शकते. म्हणजे चांदी अठरा टक्क्यांपेक्षा जास्त महागली, तर कुठे तुमचे पैसे सुटतात.

याउलट एक किलोच्या विटेवर घडणावळ समजा एक टक्का पडली, तर जीएसटीसह १,०४,०३० रुपये होतात. म्हणजे भाव चार टक्के वाढला की मुद्दल वसूल.

म्हणूनच धातू जमवणारे मोठ्या वजनाच्या विटा पसंत करतात. पण विटेची अडचण वेगळी. गरजेला दोन हजार रुपये हवेत म्हणून विटेचा कोपरा कापून विकता येत नाही. मग अनेक जण मधला मार्ग म्हणून ५० किंवा १०० ग्रॅमची बिस्किटं घेतात.

खरेदी करताना शुद्धतेचा आकडा पाहावा. '९९९' म्हणजे हजारात ९९९ भाग चांदी. '९२५' म्हणजे दागिन्यांची स्टर्लिंग चांदी. नाण्यावर किंवा पॅकिंगवर आकडाच नसेल, फक्त 'प्युअर सिल्व्हर' लिहिलं असेल, तर पुढचं बोलणंच थांबवावं. चांदीच्या दागिन्यांसाठी १ सप्टेंबर २०२५ पासून सहा अक्षर-अंकी एचयूआयडीसह हॉलमार्किंग सुरू झालं, पण सुरुवातीला ते ऐच्छिक ठेवलं गेलं. त्यामुळे पक्कं बिल, त्यावर वजन, शुद्धता आणि घडणावळ वेगवेगळी लिहून घेणं हाच ग्राहकाचा खरा आधार.

परदेशातले मराठी लोक अमेरिकेचं 'सिल्व्हर ईगल' किंवा कॅनडाचं 'मेपल लीफ' जमवतात. ही नाणी एक ट्रॉय औंसाची, म्हणजे ३१.१ ग्रॅमची असतात. जागतिक भाव याच औंसात सांगितला जातो, तर आपल्याकडे किलोत. तुलना करताना हा फरक ध्यानात घ्यावा लागतो.

खरं-खोटं कसं ओळखायचं?

'नाणं वाजवून घ्या' ही म्हण उगीच नाही. चांदीचं नाणं बोटाच्या टोकावर तोलून हलकेच टिचकी मारली तर लांबत जाणारा खणखणीत नाद येतो. पण नुसत्या कानावर विसंबून चालत नाही. घरी करता येण्यासारख्या तपासण्या अशा :

• वजन : दशांश दाखवणारा छोटा डिजिटल काटा घ्या. १८३५ नंतरचा ब्रिटिश रुपया ११.६६ ग्रॅमच्या आसपास भरला पाहिजे. झिजून थोडा कमी चालेल, पण जास्त भरला तर संशय घ्या.

• लोहचुंबक : चांदी चिकटत नाही. चिकटलं तर ते नक्की चांदी नाही. पण चिकटलं नाही म्हणजे चांदीच, असंही नाही. तांबं, पितळ, शिसंही चिकटत नाही.

• घनता : चांदीची घनता १०.४९. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्य करा, नाणं दोऱ्याने तळाला न टेकवता पाण्यात पूर्ण बुडवा. काट्यावर जो आकडा येईल त्याने नाण्याच्या वजनाला भागा. शुद्ध चांदीसाठी उत्तर साडेदहाच्या जवळ यायला हवं. तांब्याचं ९ च्या जवळ येतं. जुन्या रुपयात तांबं मिसळलेलं असल्याने त्याचं उत्तर थोडं कमी येईल.

'जर्मन सिल्व्हर' या नावाने विकल्या जाणाऱ्या धातूत चांदी नसतेच. तो तांबं, निकेल आणि जस्ताचा मिश्रधातू. सराफाकडच्या एक्स-रे यंत्रावर कस लगेच कळतो, पण हे यंत्र वरचा थर वाचतं. जाड मुलामा दिलेली वीट त्यातून निसटू शकते. म्हणून मोठी खरेदी ओळखीच्या आणि बिल देणाऱ्या पेढीतूनच करावी.

सगळ्यात मोठी चूक : नाणं घासणं

घरात चांदीची भांडी रांगोळीने किंवा टूथपेस्टने चकचकीत करायची सवय असते. तोच हात नाण्यावर फिरतो आणि दुर्मिळतेची किंमत तिथेच संपते.

चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे. हा काळपट थर पातळ असतो आणि नाण्याचं फार नुकसान करत नाही. घासल्यावर मात्र थराबरोबर नाण्याचा वरचा पापुद्राही जातो आणि बारीक ओरखडे राहतात. जाणकाराला ते भिंगातून लगेच दिसतात. संग्राहक काळपट पण अस्सल नाण्याला चकचकीत पण घासलेल्या नाण्यापेक्षा जास्त पैसे देतात.

नाणं कडेने धरावं. रबर बँडमध्ये गंधक असतं, त्यामुळे नाण्यांची गड्डी रबराने बांधू नये. स्वस्त पीव्हीसी पाकिटांमुळे काही वर्षांत नाण्यावर हिरवट चिकट थर येतो. त्याऐवजी पीव्हीसी नसलेली पाकिटं किंवा कॅप्सूल वापरावी आणि डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवावी. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात तर ही पुडी हवीच.

कायदा काय सांगतो?

जुनी नाणी बाळगणं बेकायदा नाही. पण काही गोष्टी माहीत हव्यात.

१९७२ च्या पुरावशेष आणि कलावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं 'पुरावशेष' ठरतं आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही. म्हणजे आजीचा राणीछाप रुपया आठवण म्हणून अमेरिकेतल्या नातवाकडे पाठवणंही नियमात बसत नाही.

शेत नांगरताना किंवा वाड्याचा पाया खणताना नाण्यांचा हंडा सापडला, तर तो सापडणाऱ्याचा होत नाही. १८७८ चा निखात निधी कायदा आजही लागू आहे. दहा रुपयांपेक्षा जास्त मोलाचं गुप्तधन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे.

कराचं गणितही आहे. चांदीची वीट किंवा नाणं २४ महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवून नफ्यात विकलं, तर २३ जुलै २०२४ पासूनच्या नियमानुसार त्या नफ्यावर साडेबारा टक्के दीर्घकालीन भांडवली नफा कर लागतो. त्याआधी विकलं तर नफा तुमच्या उत्पन्नात धरला जातो. जुनं बिल जपून ठेवण्याचं हेही एक कारण.

तारणाचा मुद्दाही आहे. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये जाहीर केलेल्या आणि १ एप्रिल २०२६ ही अंमलबजावणीची तारीख दिलेल्या नियमांत चांदीचे दागिने आणि ठरावीक मर्यादेपर्यंत नाणी तारण ठेवून कर्जाची तरतूद आहे, विटांवर मात्र नाही. अडीअडचणीसाठी चांदी घेणाऱ्याने हा फरक आधीच लक्षात घ्यावा.

'हे नाणं द्या, पाच लाख घ्या' यामागे काय आहे?

सोशल मीडियावर फिरणाऱ्या या व्हिडिओंचा साचा ठरलेला असतो. एखाद्या साध्या नाण्याचा फोटो, खाली लाखांचा आकडा आणि एक मोबाइल नंबर. फोन केला की समोरचा लगेच 'खरेदी' पक्की करतो. मग नोंदणी शुल्क मागतो, नंतर जीएसटी, नंतर 'रिझर्व्ह बँकेचं प्रमाणपत्र'. दरवेळी रक्कम थोडी वाढते. नाणं घेण्यात त्याला रसच नसतो.

याच प्रकाराबद्दल रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजी लोकांना सावध केलं होतं. जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत बँक नसते, त्यासाठी ती कोणतंही शुल्क किंवा कमिशन मागत नाही आणि तसं मागण्याचा अधिकार तिने कोणालाही दिलेला नाही, असं बँकेने स्पष्ट केलं होतं.

ओळखायची खूण एकच. खरा ग्राहक तुम्हाला पैसे देतो, मागत नाही.

चांदी कायम वाढतच जाते का?

नाही. जानेवारी १९८० मध्ये चांदी औंसाला ५० डॉलरच्या आसपास पोहोचली होती. अमेरिकेतल्या हंट बंधूंनी प्रचंड चांदी खरेदी केल्याचं ते फळ होतं. २७ मार्च १९८० ला भाव ११ डॉलरच्या खाली कोसळला. २०११ मध्ये पुन्हा ५० च्या जवळ गेलेला भाव २०१५ च्या अखेरीस १४ डॉलरच्या खाली होता. १९८० चा उच्चांक ओलांडायला जगाला २०२५ उजाडावं लागलं, म्हणजे ४५ वर्षं. रुपयाची घसरण धरली तर भारतीयांचं नुकसान तुलनेने कमी झालं, पण शिखरावर घेतलेली चांदी दीर्घकाळ रडवते हे खरं. त्यामुळे हा छंद कर्ज काढून करण्यासारखा नाही.

सुरुवात कुठून करायची?

खरेदीआधी डोळे तयार करावेत. मुंबईत फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेचं नाणेसंग्रहालय आहे. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातही नाण्यांचा मोठा संग्रह आहे. नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राचं संशोधन करणारी स्वतंत्र संस्था आहे. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत नाण्यांची प्रदर्शनं भरतात. तिथे तासभर फिरलं तरी खऱ्या नाण्याची धार, अक्षरांची ठेवण आणि बाजारभाव यांचा अंदाज येतो.

मग एकच विषय निवडावा. फक्त पंचम जॉर्जचे रुपये, फक्त मुंबई टाकसाळ किंवा फक्त स्वतंत्र भारताची स्मारक नाणी. प्रत्येक नाण्याची वहीत नोंद ठेवावी : साल, वजन, कुठून आलं, किती पैसे दिले. घरातलं असेल तर कोणाचं होतं, हेही.

ही शेवटची नोंद बाजारात कामाची नाही, पण घरात फार कामाची आहे. कारण माळ्यावरून डबा खाली येतो तेव्हा तो ठेवणारं माणूस बहुतेक वेळा हयात नसतं. काय सोन्यासारखं जपायचं, काय मोडीत घालायचं आणि कोणता रुपया केवळ आजीचा म्हणून ठेवायचा, हे सांगणारं कोणी उरत नाही. एक वही, एक काटा आणि एक लोहचुंबक एवढं घरात असेल, तर निदान पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं तासाभरात मिळतात. तिसऱ्याचं उत्तर मात्र घरच्यांनीच ठरवायचं.